दीड गोळी

तातोबाचा ताप दुसऱ्या दिवशीच उतरला.
शिरोलीच्या फौंड्रीत रात्रपाळी होती, तो गेला.
तिसऱ्या दिवसाच्या दोन गोळ्या
तंबाखूच्या डबीत जपून ठेवल्या,
कुणाला तरी लागतील म्हणून.

तीन आठवड्यांनी सीपीआरच्या खिडकीशी
पुन्हा त्याचं बोट, पुन्हा माझी सुई.
थेंब काचेवर ओढला, रंगवला, वाळवला,
भिंगाला डोळा लावला.
गुजरीतल्या सोनारानं घडवावी
तशी नाजूक निळी अंगठी, वर लाल खडा.
शेजारी दुसरी.
मोजत राहिले. मोजायचंच असतं.

"औषधाला सरावला काय वो मॅडम त्यो?"

नाही, तातोबा. तो काहीच शिकत नाही.
कोट्यवधींत एखादा
चुकून वेगळा जन्मतो,
पोटातल्या पिशवीला वाकडं दार घेऊन.
आत आलेलं कडू तिथनंच बाहेर सांडतं.
एरवी त्याला विचारतंय कोण?
गर्दीत, खाण्याच्या झोंबाझोंबीत
मागेच राहायचा बिचारा.

आपण गर्दी मारली
आणि थांबलो.

मोकळ्या रानात तो एकटा उरला.
अठ्ठेचाळीस तासांनी
तो एकटा नव्हता.

तातोबा ऐकतो, मान हलवतो,
डबी उघडून माझ्यापुढे धरतो,
"ह्या परत घ्या मग."
चुन्याची पुडी, तंबाखूचा वास, दीड गोळी.

अर्धी कुठाय?

"शेजारच्या पोराला दिली.
ल्हान हाय न्हवं, अर्धीच दिली."
आणि ताप?
"लगीच उतरला की."