बिबडे

दादर तीन दिवस भिजवायची.
पाणी रोज बदलायचं, नाही तर वास धरते.
त्या वर्षी तीन दिवस संचारबंदी होती
आणि जैतुनबी पिंजारीच्या ओट्यामागं
हंडा तसाच राहून गेला, झाकणासकट.
चौथ्या दिवशी ती आली तर छप्पर नाही,
गाद्यांचा कापूस काळा,
हंडा मात्र जिथल्या तिथं.
जळाल्याचा वास दोन महिन्यांत गेला म्हणते ती.
आंबलेल्या दादरचा अजून येतो.

गटाच्या रजिस्टरात मी हे लिहिलेलं नाही.
संस्थेच्या फॉर्मात रकाना होता:
घटनेचा तपशील. चार ओळी.
"काय लिहू, भाभी?"
तिनं तळवे पुढं केले.
"लिख, हात धड शेतस."

आता पहाटे चारला चूल पेटते
कोकिळाबाई शिंपीच्या धाब्यावर.
बोरीकडून गार वारा येतो, हंड्यात घाटा रटरटतो,
तीळ, लसूण, जिरं,
चाटू फिरवायला दोघी लागतात.
जुनी धोतरं ओली करून अंथरायची.
धोतरं कोकिळाबाईच्या नवऱ्याची.
दूध आणायला म्हणून गेलेला माणूस
हातगाडीवरून घरी आला होता.

आणि जैतुनबीच्या फिर्यादीत
अकरावं नाव कोकिळाबाईच्या मुलाचं.

कोर्टाची तारीख असली की दोघींची रजा.
मी एकाच पेनानं दोन फुल्या मारते.
अमळनेरहून परतीची एसटी एकच, पाच वीसची.
एक पुढच्या दारापाशी बसते, एक पार मागं.
थांब्यावर उतरल्यावर
एक जण आधी चालू लागते. कोण, ते ठरलेलं नाही.

एकदा वाटलं, विचारावं.
तेव्हा चाळीस किलोची ऑर्डर होती
आणि ऊन चढत होतं.

दुपारी धोतर उलटं करून
मागून पाण्याचा हात फिरवायचा,
मग बिबडा सुटतो.
एकटीनं ओढला तर फाटतो.
फाटलेला विकत नाहीत, हिशोबात धरत नाहीत,
आम्हीच खातो, कच्चं तेल, कांदा, शेंगदाणे.

आज कोकिळाबाईनं काठ धरला,
घाईनं, मान खाली घालून.
समोरच्या टोकाला जैतुनबी.
काल तारीख होती.

"दमानं व," जैतुनबी म्हणाली,
"हाऊ कोपरा वल्ला शे आजून."

कोकिळाबाई थांबली.
दोघी धोतर ताणून उभ्या राहिल्या उन्हात,
कोपरा वाळेपर्यंत.