उत्पन्नाचा दाखला

सेतू केंद्रातल्या बाईनं विचारलं, वार्षिक उत्पन्न?
बाबा म्हणाले, मे धरू का ऑगस्ट?
कूलरच्या ताट्या भरणारा माणूस
वर्ष असं सरसकट मोजत नाही.
बाईनं वर पाहिलं नाही. आकडा टाकला,
मर्यादेच्या जरा आतला.

शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंय मी:
संशोधनकाळात अन्यत्र अर्थार्जन करणार नाही.
संध्याकाळी सातला नंदनवनात
दोन पोरींना रसायनशास्त्र शिकवते,
ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

घरभाडे भत्त्याला घरमालकाचं पत्र लागतं.
लांजेवारकाकू म्हणाल्या, पत्र कायले वो?
राह्य नं गुमान.

गाइडची सही राहिली, गाइड अमरावतीला.
मग पोर्टल बंद. मग मार्च.

अकरा महिन्यांची फेलोशिप एकदम आली
तेव्हा बर्डीवर ऑटोत होते, तिघींत चौथी.
शून्यं दोनदा मोजली.
मेसचे सात महिने, प्रणोतीचे चार,
केमिकल्सचं बिल;
घरी पोचेपर्यंत रक्कम
ओळखीची झाली होती.

बाबा, तुमच्यासाठी काय आणू?
ते पंपाची मोटर उघडून बसले होते.
म्हणाले, पुढच्या साली दाखला
फेब्रुवारीतच काढू.
मंग मले टाइम नसते.