नमुन्याची मूठ

हन्नाबाई झिराडकर मिरजेच्या दवाखान्यात
एकतीस वर्षं सिस्टर होत्या. आता हरिपूर रस्त्याला
दोन खोल्या, एक कडुनिंब,
आणि भावानं लोदहून पाठवलेलं एक जाड पुस्तक,
समासात बॉलपेननं मराठी अर्थ लिहिलेलं.

शनिवारी तीन चांदण्या दिसल्या
की त्यांचा शब्बाथ सुटतो. मग माझी वेळ.
एका शनिवारी एकच प्रश्न.
"पेशंटलासुद्धा एका वेळी एकच इंजेक्शन," म्हणाल्या.

पहिल्यांदा विचारलं, मनगटाला लाल दोरा लागतो का?
"आहे का तुझ्याकडं? नाही ना? मग चहा घे."
दुसऱ्यांदा, हिब्रू यायला पाहिजे का?
"हाव येते ना तुला? सुरुवातीला तेवढी लिपी पुरे."

तिसऱ्यांदा म्हणालो, कब्बाला म्हणजे काय,
नुसता शब्दाचा अर्थ सांगा.
"घेणं."

मला हसूच फुटलं.
हळदीच्या पेठेत सत्तावीस वर्षं मुनीम मी.
पोत्याचं तोंड सोडायचं, नमुन्याची मूठ काढायची,
हलकुंड मोडून आतला रंग बघायचा,
आणि ती मूठ पोत्यात परत जात नाही.
कुणी विचारत नाही. मुठीमुठीनं
दिवाळीपर्यंत दोन पोती भरतात,
आणि माझ्या तळहाताच्या रेषा
आंघोळीनंतरही पिवळ्या.

मग इच्छा मारायची का, बाई?
त्यांनी चपला घातल्या. काही न बोलता
पेवांच्या रानात घेऊन गेल्या.
महापुरात पाणी शिरलं तेव्हापासून
बरीचशी बुजलेली. एक उघडं होतं,
तोंड अरुंद, पोट मोठं,
थोडंसं माझ्यासारखंच.
"हे बुजवलंस तर हळद ठेवशील कुठं?"

मी वाकून बघितलं. लहानपणी आमचे मामा
आधी दोरीनं कंदील सोडायचे.
वात विझली तर माणूस उतरायचा नाही.
झाकण काढून दिवसभर वारा खेळू द्यायचे, मग पुन्हा कंदील.
हे मी बाईंना सांगितलं, उगीच, आठवलं म्हणून.
त्या थांबल्या. "हे माझ्या पुस्तकात नाही," म्हणाल्या,
आणि घरी गेल्यावर समासात लिहून घेतलं.

नंतरचा शनिवार पडद्यावर गेला.
हाव आणि वस्तू यांच्यामध्ये एक पडदा लागतो, म्हणाल्या.
सौद्याच्या रुमालासारखा? मी विचारलं.
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा,
बाजूच्याला पत्ता लागायचा नाही.
"तो लोकांपासून हात लपवतो.
हा हातालाच आडवा येतो,
विचारतो, कुणासाठी?"

मंगळवारी कवठेपिरानच्या आक्काताईंची सात पोती आली.
मी मूठ काढली, रंग बघितला, भाव लिहिला,
आणि मूठ पुन्हा पोत्यात सोडली.
आक्काताईंचा चेहरा पडला.
"का ओ? किडकी निघाली का?"
नाही म्हटलं, चांगली आहे.
"मग परत का घातली? हितं कुणी घालत न्हाई."

त्यांनी सातही पोत्यांत हात घालून बघितलं.
मला एकदा बघितलं, पोत्यांना दोनदा.
हमाल हसले. शेजारच्या गाळ्यातून कुणी म्हणालं,
मुनीमजी, डोळे तपासून घ्या.

वजन झालं. पट्टी घेऊन आक्काताई निघाल्या,
गेटपाशी टेम्पोत चढल्या,
आणि मी पेन हातात धरून बघत राहिलो
की त्या एकदा तरी मागं वळतील.

नाही वळल्या.

कानशिलं तापली माझी. रिकामी मूठ
तशीच आवळलेली होती, काहीतरी घेण्यासाठी,
हळदीहून महाग असं काहीतरी.

आज बुधवार.
चांदण्यांना अजून तीन दिवस आहेत,
आणि प्रश्न एकच विचारता येतो.