ही गाठ सोडवायची नाही

लिंबाएवढी होती तोवर मी नुसती चाचपत राहिले.
तेवीस वर्षं कांड्या भरतेय,
सुतातली गाठ अंधारातसुद्धा कळते मला.
मांडीतली ही सरकत नव्हती, दुखतही नव्हती.
नवरा तेलुगूत म्हणाला, कोव्वू असेल, चरबी.
साखर पेठेतला डॉक्टर म्हणाला,
परवा सुई टोचून बघू काय निघतंय.

मधल्या दिवशी सोनोग्राफी झाली म्हणून वाचले.
बाहेर त्रेचाळीस डिग्री,
आधी त्या गार जेलीचंच सुख वाटलं.
मग मुल्ला मॅडमनी पडदा माझ्याकडं फिरवला:
काळ्या पाण्याची पिशवी, पिशवीत पिशव्या,
आणि एक सुटलेला पापुद्रा,
दुधावरची साय सुरकुतते तसा.
"घरात कुत्रं होतं कधी?"
मला वाटलं, गप्पा मारतायत.

टिक्या. मागाखाली झोपायचा,
त्या खडखडाटात.
खाटकाकडून मेंढीचं फेकलेलं फुप्फुस ओढत आणायचा,
मग माझा हात चाटायचा.
त्याच हातानं मी भाकरी मोडायचे.
मरून आठ वर्षं झाली त्याला.
माझ्यात एवढा राहिला.

सुई नको, म्हणाल्या. आत फुटली तर
एकीच्या दहा होतील, श्वासही अडकेल.
मग छातीचा फोटो, पोटाचा फोटो. तिथं काही नाही.
गोळ्या दोन वेळा, तेलकट जेवणावर.
तेल खा म्हणणारं औषध पहिल्यांदाच भेटलं:
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेलाची धार.
मध्येच रक्त काढायचे,
लिव्हर कुरकुरतंय का बघायला.

सिव्हिलमध्ये कमरेखाली बधिर, पुढ्यात हिरवा पडदा.
पलीकडून बिराजदार सरांचा आवाज:
"कडक मिठाच्या पाण्यातलं गॉज लावा चारी बाजूंनी.
घाई नको. कवच फुटता कामा नये."
मी दिवसाला शंभर गाठी सोडवते,
नखानं, नाहीतर दातानं.
ही एकच अशी,
की आसपासचे चार धागे तिच्यासकट कापून द्यायचे.

बरणीत दाखवली. पांढरी, अख्खी,
भोवती माझ्याच मांसाची किनार.
लाज वाटली थोडी. कुणाची, कळेना.

गोळ्या अजून चालू आहेत. जिना चढताना पाय ओढतो.
शेडमध्ये एक तपकिरी पिल्लू आलंय,
जॉबर यादगिरी त्याला हाकलत होता.
मी पेढ्यात जंताची गोळी दडवून दिली.
पेढा खाल्ला, गोळी थुंकली.
उचलली. पुन्हा दडवली.
मग कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले,
आणि कांडी चढवली.