होय की ओ

गणपत गल्लीत बसवण्णी म्हणतो,
ह्याचे आता साडेचार हजार येतात बघा.
सहा वर्षांपूर्वी बोनस आणि भिशी मिळून घेतलेला,
त्या साली ह्याच्यावर दुसरा नव्हता.
उद्यमबागेत कास्टिंगवरची केसाएवढी भेग
ह्याच कॅमेऱ्यानं पकडली, अख्खा लॉट परत गेला,
फोरमन आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

आता दुपारी दोनलाच मान टाकतो.
चंदगडला बहिणीकडं निघालं की
शिनोळीच्या फाट्यावर, राज्य बदलतं तिथंच, बंद.
ती म्हणते, तुझा फोन सीमावासी आहे.

नवा हातात घेतला. हलका. काच थंड.
'होय' लिहिलं. पुढं त्यानं सुचवलं 'ना', 'का', 'नक्कीच'.
माझा जुना 'होय'पुढं 'की ओ' देतो,
निंगव्वाला लिहिताना मध्येच कन्नड धरतो
आणि चुकत नाही.
मीच शिकवलंय त्याला, चुकत चुकत,
लेथच्या आवाजात, एका अंगठ्यानं.

सगळं येतंय ह्यात मॅडम, वीस मिनिटांत.
हे पण?
बसवण्णी थांबला. ते शिकंल की परत.
किती दिवसांत, ते त्यालाही माहीत नाही.

बॅटरीचं किती घेतोस, विचारलं.
अठराशे. पण गॅरंटी नाही,
उघडताना काच तडकंल कदाचित.
तडकली तर?
तर नवा घ्या की ओ.

त्यानं झाकणाखाली पातळ पट्टी सरकवली तेव्हा
मी तिकडं बघितलं नाही,
गल्लीत आडवी उभी राहिलेली म्हैस
आणि तिच्यामागं हॉर्न वाजवणारी रिक्षा
बघत बसले.