सतरा नंबर

एकतीस वर्षं मी दाखले लिहिले.
साधं पेन, निळीकाळी शाई,
पण वळण असं की तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले,
छापलंय की लिहिलंय?

‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना
बोटभर रुंद.
त्यात मावेल तेवढंच कारण असायचं मुलाला.
पालकांच्या विनंतीवरून.
दर मे महिन्यात नववीतली चार-पाच
पालकांच्या विनंतीवरून जायची,
आणि पुढच्या जूनमध्ये फाटकावर फ्लेक्स लागायचा:
दहावी, शंभर टक्के.
वर्तणूक समाधानकारक.
हेही मीच लिहायचो, सगळ्यांना सारखं,
पाच मिनिटं बाकावर न टिकणाऱ्यालासुद्धा.

आता निवृत्त.
नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानावर
लोखंडी जिना चढलं की गुजर बाईंचा वर्ग.
पाटी नाही. खाली विचारायचं, वरची शाळा कुठे,
क्लच प्लेटा मोजणारा मान वर न करता अंगठा वर करतो.
चौदा मुलं.
कुणी पालथं पडून भूमिती करतं.
अलफिया तासातून दोनदा जिना उतरून रस्त्यावर जाते
आणि परत येते. बाई विचारत नाहीत,
दार तेवढं लोटून ठेवतात, कडी न घालता.
एकाला आवाज सोसत नाही,
त्याच्यासाठी डबीत कापूस ठेवलाय.
ढोल-ताशाचे सराव सुरू झाले की
तो सगळ्यांनाच लागतो.

मी मंगळवारी, शुक्रवारी जातो, फॉर्म भरून द्यायला.
सतरा नंबर. खाजगी विद्यार्थी.
बाईंना वाटतं समाजसेवा.
वाटू दे.

सुमेध ओव्हाळ, सोळा पूर्ण.
घ आणि ध त्याला एकच दिसायचे.
निबंधात लिहायचा, मी संध्याकाळी धरी जातो.
आमच्याकडे यावर लाल शाई होती.
बाईंनी पॉलिश पेपर कापून दोन्ही अक्षरं केली,
डोळे मिटून चाचपायला लावली.
घराला छप्पर असतं रे, म्हणाल्या,
रेघ तुटली की धर.
सात महिने.
खाली दुकानात मात्र तो नुसतं हातात घेऊन सांगतो
बेअरिंग कुठल्या गाडीचं.

परवा त्यानं मूळ दाखला आणला,
दुधाच्या पिशवीत, चार घड्या घालून.
नावाआधी मला वळण ओळखू आलं.

तो वाचायला लागला. मी सांगितलं नव्हतं.
पा. ल. कां. च्या.
बोट रकान्यावर.
वि. नं. ती.
खाली कुणीतरी हॉर्न तपासत होतं, तेवढा वेळ थांबला.
वरून.

“आईनं कुठे केली विनंती?
ती त्या दिवशी ससूनला होती, मामापाशी.
मोठे सर म्हणाले, उद्या शेवटची तारीख.
सही मीच केली. तिची.”

रागानं नाही.
चुकीचा पार्ट आलाय, बदलून द्या,
असं सांगावं तसं.
मग कागद खिडकीच्या उजेडात धरून म्हणाला,
“अक्षर पण काय कडक आहे, काका.
कुणाचं असेल?”

मी पेनाचं टोपण शोधत राहिलो.
ते पेनालाच होतं.

कारणाचा रकाना फॉर्मवरही होता.
तिथं आलो आणि पेन त्याच्याकडे दिलं.
जीभ दातांत धरून त्यानं लिहिलं,
मधे एकदा उठून पाणी प्यायला,
पुन्हा बसला.
ओळ रकान्यातून बाहेर गेली,
शेजारच्या जन्मतारखेवर चढली.
असा फॉर्म मी खिडकीतून परत केला असता,
केलेच आहेत, शेकड्यानं.

“धरा,” म्हणाला.

झेरॉक्सवाला सातला बंद करतो.
मी दोन प्रती सांगितल्या,
मग आणखी एक,
माझ्यासाठी.