अशासकीय कामकाज

'माननीय अध्यक्ष महोदय'ला एक रेघ पुरते,
'तपासून पाहू'ला एक गाठ.
'शासन याबाबत सकारात्मक आहे' हे तर
पेन्सिल माझ्याशिवायही लिहिते.
एकवीस हिवाळे झाले.
मुंबईहून फायली ट्रंकांतून नागपूरला येतात
आणि मी त्यांच्यामागून, मनीषनगरला भावाकडे उतरतो.
माणसं बोलतात ते खुणांत उतरवतो,
दहा-दहा मिनिटांच्या पाळीनं.

शुक्रवारचे शेवटचे अडीच तास सदस्यांचे.
तोवर कुणाची गाडी असते, कुणाच्या पुतण्याचं रिसेप्शन;
बाकांवर माणसांपेक्षा कागद जास्त.
त्यात उभ्या राहिल्या अनुसया ठवकर.
तिसऱ्यांदा तेच विधेयक, क्रमांक तेवढा नवा.
कलम चार: महिन्याच्या पहिल्या सोमवारी
न्यायाधीशानं तुरुंगात यावं
आणि कच्च्या कैद्यांची नावं मोठ्यानं वाचावीत,
आत किती दिवस झाले त्यासह.
इतकंच.
कलम सात पोलिसांचं: सलग आठ तासांवर पाळी नको.
ते त्यांना गेल्या हिवाळ्यात गेटवर सापडलं म्हणतात,
बंदोबस्ताला आलेल्या जालन्याच्या शिपायाजवळ.
'रात्री झोपलास कुठं?'
'मनपाच्या शाळंत, ताई. दुसरीचा वर्ग. पाय बाकाबाहेर.'

मंत्री उठले. भावनेशी सहमत.
गाठ. रेघ. गाठ.
सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं, ही विनंती.
दोनदा त्यांनी घेतलंही होतं.

या वेळी त्यांनी चष्मा पुसला,
पर्समधून घडीचा कागद काढला.
'सोमा बिरजू टेकाम. तांब्याची तार, सहा किलो.
जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं.
आत आहे तीन वर्षं चार महिने. खटला उभा नाही.
जामीन पंधरा हजार.
बाप्पा, पंधरा हजार असते
तर तार कायले चोरली असती त्यानं?'
मागच्या बाकावर हसू फुटलं आणि तिथंच विझलं.
'शेख मुनाफ शेख वजीर.
राजकन्या मनोहर गजघाटे…'

पेन्सिल अडली.
टेकामला खूण नाही.
लघुलिपीत स्वर गळतात, व्यंजनांचे सांगाडे उरतात;
सोमा आणि सीमा सारखेच दिसतात.
म्हणून नाव आलं की पूर्ण लिहायचं, काना-मात्रेसकट,
असं धोटे सर शिकवायचे.
पूर्ण लिहिता लिहिता कळलं
नावाला किती वेळ लागतो.

माझ्या दहा मिनिटांत एकसष्ट आली.
मग शेजारी क्षीरसागर येऊन बसली,
मी उठलो, अंगठा बधिर.
दारापर्यंत आवाज मागून येत होता:
दोन वर्षं. अकरा महिने. सात वर्षं.

तालिका अध्यक्ष म्हणाले, हे विषयाला धरून नाही,
नावं कामकाजातून काढून टाकावीत.
तसा नियम आहे.
काढलेल्या मजकुराच्या जागी तीन फुल्या.
टाइप करताना मी एकसष्ट टाकल्या.
धाडस वगैरे नव्हतं,
बोटं थांबली नाहीत.
मुख्य प्रतिवेदकांनी लाल शाईनं अठ्ठावन्न खोडल्या,
माझ्याकडे बघितलं, चहा मागवला.

विधेयक पडलं. आवाजी मतदान.
बाजूनं एकच आवाज,
तोही बसलेला.

रात्री भावाच्या स्कूटरवरून वर्धा रोडनं निघालो.
अजनीच्या सिग्नलला ती लांब भिंत.
आत कधीच मोजून झालं असेल,
आकडा जुळला की दिवस संपतो तिथला.
वही माझ्या खिशात होती.
ऑफिसात ठेवायची असते; विसरलो म्हणेन.
हेल्मेटच्या आत एक नाव म्हणून पाहिलं,
काना-मात्रेसकट.
मग दुसरं.
सिग्नल कधीचा सुटला होता.
मागचा ऑटोवाला ओरडला,
'ओ काका, झोपले का जी?'